टाळी वाजेपर्यंत

मनुष्याचा आत्मा डोळ्यांत नसतो, हृदयात तर नसतोच नसतो. तो कण्यात राहतो, असं त्याचं फार जुनं आणि फार कष्टाने कमावलेलं मत होतं. हे मत तो दर गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर दुसरी ‘ब’च्या मुलांना हॉलच्या फरशीवर उताणं पाडून सांगत असे. मुलं ऐकून घेत. नुकताच खाल्लेला डबा त्यांच्या घशाशी आलेला असे, त्यामुळे ती तशीही वाद घालण्याच्या स्थितीत नसत. कण्याचा एकेक मणी जमिनीला टेकू दे, असं तो हलक्या, घुमणाऱ्या आवाजात म्हणायचा. या आवाजाला एके काळी शेवटच्या रांगेतली माणसं खोकायची थांबत. मग वर पंखा करकरायचा, फिनेलचा आणि मोज्यांचा वास फरशीवरून सरपटत यायचा, आणि कोणीतरी म्हणायचं की सर, याने माझ्या पोटावर पाय ठेवला. आत्म्याचं प्रकरण तिथेच मिटायचं.

वेळापत्रकात त्याच्या विषयाचं नाव ‘नाट्य व देहबोली’ असं होतं. चौकट अरुंद, म्हणून कारकुनाने त्याचं ‘ना. दे.’ केलं, मुलांनी मधली टिंबं गाळून त्याला नादे सर केलं, आणि बघता बघता शिक्षकखोलीतही तो नादे झाला. एका मुलाच्या आईने पालकसभेत फार आपुलकीने विचारलं होतं, नादे म्हणजे मूळचे कुठले तुम्ही, आमच्या काकूंच्या माहेराशेजारी एक नादे होते. त्याने तिला काहीएक सांगितलं नाही. तुच्छतेचा हा एक मोठा फायदा आहे, माणसाला दुरुस्त्या करत बसावं लागत नाही. पालकांना त्याच्याकडून हवं असायचं ते ‘स्टेज डेअरिंग’. घरी नुसता बोलून डोकं उठवतो हो, पण चार माणसांत तोंड उघडत नाही, जरा डेअरिंग येऊ द्या, असं ते म्हणत, आणि म्हणून झाल्यावर त्यांचा चेहरा भांडं कल्हईला टाकून आलेल्या माणसासारखा निश्चिंत होई. मुख्याध्यापिकाबाईंना हालचालीविषयी खरी आस्था होती, कारण हालचालीमुळे मेंदूचे दोन्ही भाग एकमेकांशी बोलू लागतात असं त्यांना कोणीतरी फोनवर पाठवलं होतं. त्यांच्या बाबतीत हे बोलणं अजून सुरू झालेलं नसावं, असा त्याचा अंदाज होता. दर वर्षी तपासणीच्या सुमाराला त्या त्याला बोलावून म्हणत, छोटंसंच काहीतरी बसवा सर, पण संदेश असलेलं. आणि दर वर्षी तो ‘पाणी वाचवा’ बसवत असे. उंच मुलं नळ होत, बुटकी मुलं थेंब होत. ज्याने एके काळी रंगमंचावर सम्राट उभा केला होता, तो माणूस पडद्याआड उकिडवा बसून थेंबांना ‘आता गळा’ अशी खूण करत असे.

एकच गोष्ट त्याने या शाळेत निर्मळ राखली होती, ती म्हणजे टाळी. त्याने टाळी वाजवली की काम सुरू, आणि पुन्हा टाळी वाजेपर्यंत कोणी बोलायचं नाही, हसायचं नाही, जागा सोडायची नाही, काही म्हणजे काही विचारायचं नाही. हा नियम त्याचा नव्हता, त्याला नाटक शिकवणाऱ्या मास्तरांचा होता. एका गोदामाच्या माळ्यावर, पोत्यांच्या भुसकटात, मास्तरांनी नादेची सबंध पिढी या टाळीवर वाढवली होती. सुरू व्हायची तालीम मास्तरांच्या टाळीने आणि संपायची तीही मास्तरांच्याच. मधल्या काळात देह हा कलावंताचा नसून कलेचा असे. तहान लागली, कळ आली, पायाला मुंग्या आल्या, तर ते भूमिकेत घ्यायचं, असं मास्तर म्हणत. एकदा एकजण चक्कर येऊन आडवा झाला तेव्हा मास्तरांनी त्याला कोणाला उचलू दिलं नाही. बघा रे, म्हणाले, हा आज पहिल्यांदा खरा पडला. सगळ्यांनी भारावून बघितलं. पडलेला पुढे विम्याच्या धंद्यात गेला आणि त्याने दोन फ्लॅट घेतले. त्याच्या पडण्याविषयी मात्र अजूनही जुनी माणसं आदराने बोलतात. मास्तर गेले, माळा गेला, नाटक गेलं. उरली ती टाळी. नादे मुलांना मारत नसे, त्यांच्यावर ओरडतही नसे. टाळीआधी कोणी चुळबुळ केली तर तो नुसता बघायचा, आणि त्या बघण्यात इतका गार तिरस्कार असायचा की मुलं पीटीच्या सरांच्या शिट्टीपेक्षा त्यालाच जास्त टरकून असत.

तर त्या गुरुवारचा खेळ साधा होता. एकेकाने उठायचं आणि आपल्या ओळखीच्या कुठल्याही माणसाची चाल चालत खिडक्यांच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत जायचं. बाकीच्यांनी बसून नुसतं पाहायचं. कोण कोणाची चाल चाललं हे सगळ्यांचं झाल्यावर, टाळीनंतर सांगायचं. त्याने टाळी वाजवली, घडी घातलेल्या टेबल-टेनिसच्या टेबलाला टेकला आणि जे येणार ते माहीत असलेल्या माणसाच्या थकव्याने पाहू लागला. पहिले आजोबा आले. मग पुन्हा आजोबाच आले, आणि पुन्हा. सगळे कमरेत वाकलेले, सगळे नसलेली काठी टेकणारे. वास्तविक या मुलांचे आजोबा सकाळी स्पोर्ट्स शूज घालून यांच्या बापांपेक्षा जोरात चालत. मग कानाशी मूठ धरलेल्या आया आल्या, पोट पुढे काढलेले काका आले, शाळेचा वॉचमन आला आणि त्याने सलाम ठोकला. खरा वॉचमन कधी कोणाला सलाम करत नसे. सातव्या वर्षी यांच्या डोक्यात माणसांचे साचे तयार होऊन थंडही झालेत, त्याच्या मनात आलं. यांना डोळे दिलेत ते निव्वळ चष्म्यांचा धंदा चालावा म्हणून. त्याने तोंड न उघडता जांभई दिली. ही त्याची खासियत होती, ती शिकायला त्याला दोन वर्षं लागली होती.

मग मुंगी उठली. ती वर्गातली सगळ्यात बुटकी, म्हणून मुंगी. हाक मारली की निमूट ओ देणारी, ‘पाणी वाचवा’मधला शेवटचा थेंब. तिचा आवाज त्याने आजवर ऐकला नव्हता, आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नव्हतं. ती जरा उशिराच उठली. तिचा एक खांदा खाली ओघळला होता. पावलं आखूड होती, घाईची होती, पण घाई गुडघ्यांच्या वर येत नव्हती. वर सगळं करकचून बांधल्यासारखं ताठ. शर्टाचं टोक एका मुठीत गच्च धरलेलं. ओठ मिटलेले, मान पुढे आलेली, नजर समोरच्या भिंतीवर अशी रुतलेली, की तिथवर पोचणं एवढंच आयुष्यात उरलंय आणि ते जमेलसं वाटत नाही. हॉलच्या मध्यावर ती थांबली. भार या पायावरून त्या पायावर टाकला. डोळे क्षणभर मिटले, एखादी जुनी, नकोशी गोष्ट आठवल्यासारखे. आणि मग पुन्हा निघाली, आणखी आखूड पावलांनी. पंखा करकरत होता. पुढच्या ओळीतला एक गुबगुबीत मुलगा, टाळी वाजलेली नसताना, जराही खोडसाळपणा न करता, उत्तर आलेल्या गणितासारखं म्हणाला, ‘हे तर आपले सर.’

कोणी हसलं नाही. मुलं हसली असती तर बरं झालं असतं. हसणाऱ्याकडे तुच्छतेने बघता येतं, आणि त्या कामात नादेचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण त्यांनी नुसत्या माना डोलावल्या. एकीने मुंगीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि दोन्ही ठिकाणी तेच आहे ना याची खात्री करून घेतली. आपण शर्टाचं टोक मुठीत धरलंय, हे त्याला तेव्हा जाणवलं. ते त्याने सोडलं. हात मोकळा झाला आणि कुठे ठेवावा ते कळेना. मग हात आहेतच म्हणून त्याने टाळी वाजवली. अजून पाच-सहा जणांचे नंबर राहिले होते, त्यांनी सर आमचं, सर आमचं, असा गलका केला. टाळी वाजली तशी मुंगी दारातून बाहेर धावत सुटली ती मागे वळून न बघता. कौतुक घ्यायला न थांबता निघून जाणं त्याने फक्त एकाच माणसात पाहिलं होतं, आणि ते मास्तर होते.

कॉरिडॉर नेहमीचाच होता, पण त्यातून चालत जायचं म्हणजे काय करायचं हे आता त्याला आठवेना. पाय उचलला तर तो उचलल्यासारखा वाटे, ठेवला तर ठेवल्यासारखा. ढाली आणि चषकांच्या कपाटाच्या काचेत त्याने स्वतःला ओझरतं पाहिलं. एक खांदा पडलेला, पिशवीने पाडलेला. गुडघे सांभाळत टाकलेली आखूड पावलं. मान पुढे. कपाटात ‘उत्कृष्ट सहभाग’ असं लिहिलेला एक चषक होता, तो त्याच्या छातीच्या जागी दिसत होता. पीटीचे सर समोरून आले आणि थांबले. कंबर धरली का नादे, स्प्रे देऊ का, आपल्याकडे फुटबॉलवाल्यांचा आहे, असं त्यांनी मनापासून विचारलं. या माणसाने आयुष्यात एकच वाद्य वाजवलं होतं, शिट्टी, आणि तीही बेसूर. नादे त्यांना नको म्हणाला आणि भिंतीला धरून उभा राहिला.

एरवी हे सगळं विसरून जाता आलं असतं. मुलांचं काय, उद्या ती त्याला उंट म्हणाली असती. पण येत्या रविवारी त्याला पिल्लूने बोलावलं होतं. पिल्लू म्हणजे मास्तरांच्या माळ्यावरचा सगळ्यात धाकटा पोरगा. चहा सांगायचा, प्रॉम्प्टिंग करायचा, सम्राटाचा अंगरखा घडी घालून ठेवायचा; आता मोठा दिग्दर्शक झाला होता आणि लोक त्याच्याशी बोलताना खुर्चीच्या कडेवर बसत. नादेने त्याला मनातून कधी पिल्लूच्या वर चढू दिलं नव्हतं. पंधरा वर्षं ज्याने फोन केला नाही, त्या पिल्लूचा महिन्यामागे फोन आला, आणि त्याने अजून दादाच म्हटलं. नवं नाटक होतं. निवृत्त न्यायाधीश, ज्याने एका निर्दोष माणसाला फाशीची शिक्षा दिलेली आहे आणि ते फक्त त्यालाच माहीत आहे. पडदा उघडतो, म्हातारा या विंगेतून त्या विंगेत चालत जातो. वाक्य नाही, संगीत नाही. सगळं नाटक त्या चालण्यात आहे दादा, पिल्लू म्हणाला होता, आणखी दोघांना बोलावलंय, पण मला तुझी चाल आठवते. चाल आठवणारच. सम्राट रंगमंचावर यायचा तेव्हा जमीन त्याच्या पायाखाली स्वतःहून येते असं एका समीक्षकाने लिहिलं होतं. तो समीक्षक मूर्ख होता, बाकी सगळं त्याने चुकीचं लिहिलं होतं, पण हे एक वाक्य त्याच्या हातून बरोबर उतरलं होतं. नादे महिनाभर गच्चीवर ती चाल घासूनपुसून काढत होता. भूमिका मिळाली की दौरे, दौरे मिळाले की राजीनामा. मुख्याध्यापिकाबाईंना काय सांगायचं तेही ठरलेलं होतं, अगदी थोडक्यात, संदेश नसलेलं. आणि मिळाली नाही तर जूनमध्ये नवे थेंब.

घरी बायको बँकेतून येऊन पाय टीपॉयवर टाकून बसली होती. त्याने तिच्यासमोरून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत अशी फेरी मारली आणि कशी आहे म्हणून विचारलं. काय कशी आहे, ती म्हणाली. चाल, तो म्हणाला. तिने त्याला आणखी एकदा चालायला लावलं, आणि मग आणखी एकदा, तेव्हा परत येताना पाण्याची बाटली आणायला सांगितली. बाटली घेऊन तिने विचारलं, काय झालंय. त्याने सांगितलं; मुलांची नावं न घेता, एका प्रयोगात असं असं निदर्शनास आलं, अशा भाषेत. ती हसली नाही, पण न हसण्यासाठी तिला बरेच कष्ट पडले.

‘मला काय विचारतोस,’ ती म्हणाली, ‘वीस वर्षं तू पुढे आणि मी पिशव्या घेऊन मागे. मागून बघितलं तर बरी वाटते. कुठेतरी जायची घाई असलेल्या माणसासारखी.’

‘कुठे?’

‘ते तू कधी सांगितलंस? इतकं लागलंय तर त्या पोरीलाच विचार ना, कशी केलीस म्हणून.’

तिला हे कळणं शक्य नव्हतं. खऱ्या कलावंताला कशी केलीस असं विचारत नाहीत, हे तिला बँकेत कोण सांगणार. आणि मुंगी खरी कलावंत आहे, हे तोवर त्याच्या मनाने, त्याला न विचारता, ठरवून टाकलं होतं. त्यावाचून गत्यंतर नव्हतं. सात वर्षांची साधी पोर जर त्याला असं आरपार बघू शकत असेल, तर तो काचेचाच असायला हवा. पण ती जर असामान्य असेल, तर मग गोष्ट वेगळी, मग ते दोघांमधलं होतं. अंथरुणावर पडून तो तिचं चालणं पुन्हा पुन्हा पाहत राहिला. त्या मध्यावरच्या थांबण्यात त्याला एकेक दिसू लागलं. माळा बंद झाला त्या दिवशी तो जिन्यात असाच थांबला होता. सम्राटाच्या शेवटच्या प्रयोगाला खुर्च्या रिकाम्या होत्या तेव्हा विंगेत असाच. शाळेच्या मुलाखतीला आला होता तेव्हा हॉलच्या दारात असाच, आणि मग आणखी आखूड पावलांनी आत आला होता. त्याला शरमेसारखं काहीतरी वाटलं. शरम त्याला सहसा इतरांच्या वतीने वाटत असे. स्वतःच्या वतीने ती कशी बाळगायची याचा त्याला सराव नव्हता. ही पोरगी थेंब म्हणून उभी राहून वर्षभर बघत होती, आणि तिने सगळं बघितलं होतं.

शुक्रवारी आणि शनिवारी तो जमेल तितकं बसून राहिला. मैदानावर मुंगी इतर मुलांसारखीच धावत होती, पडत होती, गुडघा झटकत होती. कलावंताला लपता येतं, त्याने ओळखलं. गच्चीवर सम्राट काढायला गेला तर सम्राटाचाही एक खांदा पडलेला होता. सरळ करायला जावं तर मान पुढे येई, मान मागे घ्यावी तर गुडघे अडत. जमीन पायाखाली स्वतःहून यायचं सोडा, ती जिथल्या तिथे राहिली तरी पुष्कळ होतं.

रविवारी पिल्लूच्या तालमीच्या हॉलमध्ये रंगाचा ताजा वास होता. दोघांपैकी एक आलाच नव्हता. दुसरा म्हणजे मालिकेतला सासरा, घरोघरी रोज संध्याकाळी पाणावणारा, मांडीवर गरम पाण्याची बाटली घेऊन बसला होता. त्याने उठून नमस्कार केला आणि मी तुमचा सम्राट लहानपणी पाहिलाय असं म्हणाला. तो नादेपेक्षा फार तर चार वर्षांनी लहान असेल. आधी सासरा चालला. आजोबाच चालला तो, कमरेत वाकून. फक्त काठी राहिली होती. दुसरी ‘ब’मध्ये याहून बरे होते. मग नादेला बोलावलं. त्याने विंगेत उभं राहून कण्याचा एकेक मणी मोजला, एकावर एक रचला, आणि सम्राट चालायला लागला. तो निम्म्यात पोचला असेल नसेल, अंधारातून पिल्लूचा आवाज आला. बास दादा, थँक्यू. आवाजात दया होती. अंगरखा घडी घालून ठेवणाऱ्या पोराची दया. तेच आहे रे अजून, पिल्लू सावकाश म्हणाला, तेव्हा चालायचं ते. आता ते, बस, हस्तकला प्रदर्शनात ठेवतात तसं वाटतं.

काही आणखी घेऊ का, असं कोणीतरी कोणाला विचारलं, चहाविषयी. एक दिवा मालवला. नादे मंचाच्या मधोमध उभा होता आणि परत विंगेपर्यंत चालत जाणं भाग होतं, तिथे त्याची पिशवी होती. जूनमधले थेंब त्याला दिसले, नवे, ओळीने. आणि मग काहीही ठरवायच्या आत त्याचा खांदा खाली ओघळला. शर्टाचं टोक मुठीत आलं. तो निघाला तो तिचीच पावलं टाकत निघाला, आखूड, घाईची, वर सगळं करकचून बांधलेलं. समोरच्या विंगेवर नजर, तिथे पोचणं एवढंच उरलंय आणि ते जमेलसं वाटत नाही. ही चोरी होती आणि सात वर्षांच्या मुलीच्या घरात होती, हे त्याला चालताना स्वच्छ कळत होतं. मंच संपायच्या जरा आधी तो थांबला. भार या पायावरून त्या पायावर टाकला. डोळे मिटले. पुन्हा निघाला.

अंधारात कपबशीचा आवाज येत होता, तो बंद झाला. मालवलेला दिवा कोणीतरी पुन्हा लावला.

‘हे कुठून आणलंस?’ पिल्लूने विचारलं. तो मंचाजवळ आला होता, आणि आता त्याच्या बोलण्यात घाई होती.

‘निरीक्षण,’ नादे म्हणाला.

पिल्लूने त्याला पुन्हा चालायला लावलं, तिसऱ्यांदा लावलं, मग सासऱ्याला उठवून शेजारी बसवून बघायला लावलं. मग तो बराच वेळ बोलला. या चालण्यात त्या शिक्षेचं ओझं कसं नुसतं खांद्यावर नाही तर खाली, पार गुडघ्यांत उतरलंय. म्हाताऱ्याला कुठेतरी पोचायचंय, आणि आपण वेळेत पोचणार नाही हे त्याला कसं आधीपासून माहीत आहे. तो थांबतो तिथे तो माणूस मारणारा आणि मेलेला असा दोन्ही कसा असतो. सासऱ्याचे डोळे पाणावले, पण त्याचा तो व्यवसायच होता. पिल्लूचेही पाणावले. दादा, मास्तर असते तर आज उठून उभे राहिले असते, असं म्हणून तो खाली वाकला आणि नादेच्या पाया पडला. नादेने त्याला पडू दिलं. तालमी पुढच्या सोमवारपासून होत्या, पोस्टरवर नुसती मागून दिसणारी ती आकृती घ्यायची असंही तिथल्या तिथे ठरलं.

गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर तो हॉलमध्ये आला तेव्हा राजीनाम्याचं मुख्याध्यापिकाबाईंशी बोलणं होऊन गेलं होतं. त्यांनी अरेरे म्हटलं होतं आणि तपासणीपर्यंत थांबता येईल का म्हणून विचारलं होतं. थांबता येणार नाही असं सांगताना त्याला वाटला होता तेवढा आनंद झाला नाही. त्याला एक काम उरकायचं होतं. रविवारपासून त्याच्या मनात एक अनोळखी जागा तयार झाली होती, तिथे तुच्छता नव्हती. तिथे एक सात वर्षांची मुलगी शर्टाचं टोक धरून उभी होती. तिचं देणं मानलं पाहिजे, सगळ्यांसमोर मानलं पाहिजे. मास्तरांनी कधी कोणाचं मानलं नव्हतं, पण तो मास्तरांपेक्षा मोठा होऊ पाहत होता, आणि त्यासाठी हा एक बरा रस्ता होता. मुलं सवयीने उताणी पडायला लागली. त्याने त्यांना बसायला सांगितलं. टाळी वाजवली नाही. तो ओळीच्या शेवटी गेला, मुंगीसमोर उकिडवा बसला, गुडघा कडकन वाजला, काही मुलांनी तिकडे पाहिलं.

मागच्या गुरुवारी तू जे चाललीस, तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा हलक्या, घुमणाऱ्या आवाजात म्हणाला, तसं चालताना मी फार मोठ्या मोठ्या नटांनाही पाहिलेलं नाही. मुंगीने मान खाली घातली. कुणाचं चालणं होतं ते, त्याने विचारलं. घाबरायचं नाही, सरांना राग येणार नाही. पुढच्या ओळीतला गुबगुबीत मुलगा म्हणाला, तुमचंच होतं की सर. त्याला त्याने हाताने गप्प केलं. मला तिच्या तोंडून ऐकायचंय, तो म्हणाला. ती तिच्या बुटाच्या नाडीकडे बघत होती. तिने शेजारणीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मग त्याच्याकडे. डोळे अगदी साधे होते, थोडे घाबरलेले.

‘कुणाचंच नव्हतं,’ ती म्हणाली. तिचा आवाज त्याच्या कल्पनेपेक्षा जाड होता.

‘कुणाचंच नाही? मग तू काय करत होतीस?’

‘मला शूला जायचं होतं,’ मुंगी म्हणाली. ‘टाळी वाजली नव्हती.’